पॅलाडिनपुढे धर्मसंकट मांडायचं कसं? शरण आलेले सहा गॉब्लिन आणि डिव्होशनची शपथ

वीसबाजू

नमस्कार. डंजन्स अँड ड्रॅगन्स (भूमिका घेऊन फाशांवर खेळायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. खेळाडू चार, सगळे पाचव्या लेव्हलला: पॅलाडिन (शपथेने बांधलेला धर्मयोद्धा; शपथ डिव्होशनची, म्हणजे भक्तीची), रोग (Rogue, चोर), क्लेरिक (पुजारी), वॉरलॉक (करारातून जादू मिळवलेला). डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी.

पॅलाडिन खेळणाऱ्याला धर्मसंकटं हवीच आहेत, तसं त्याने सांगितलंय. पण तो याच खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीमधून आलाय. त्यामुळे "यात माझी शपथ मोडेल का?" हा प्रश्न आधी येतो आणि निर्णय मागून.

पुढच्या सेशनचा बेत असा. पार्टी पळवून नेलेल्या बारा गावकऱ्यांच्या मागावर आहे. वाटेत गॉब्लिनांची (खुज्या राक्षसांची) टोळी आडवी येते. निम्मे पडले की उरलेले सहा शस्त्रं टाकून शरण येतात. तुरुंग असलेलं गाव तीन दिवस मागे, पळवलेले लोक दोन दिवस पुढे. रोग म्हणणार "मारून मोकळे व्हा", वॉरलॉक म्हणणार "आधी हाल करून बोलतं करू".

हे धर्मसंकट आहे की सापळा? शपथ मोडली हे कधी आणि कसं सांगायचं? आणि मोडलीच तर शिक्षा अशी कोणती द्यायची की खेळाडू पुढची तीन सेशन हात बांधून बसणार नाही?

---

जुना_नियमग्रंथ

तुमच्या खेळाडूची भीती कुठून आली ते आधी पाहा. पॅलाडिनबद्दलच्या टेबलावरच्या निम्म्या भांडणांत एक जण एका आवृत्तीचा पॅलाडिन खेळत असतो आणि डीएम दुसऱ्याच आवृत्तीचा न्याय करत असतो.

१९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात नियम फार कडक होता. पॅलाडिन फक्त माणूस, करिष्मा (व्यक्तिमत्त्वाचा आकडा) किमान १७, अलाइनमेंट (नैतिक बाजू) लॉफुल गुड, म्हणजे नियम पाळणारा आणि चांगला. जाणूनबुजून केऑटिक (बेबंद) कृत्य केलं तर सातव्या किंवा वरच्या लेव्हलच्या लॉफुल गुड क्लेरिकपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायचं. जाणूनबुजून दुष्ट कृत्य केलं तर मात्र पॅलाडिनपण कायमचं गेलं, परतीचा रस्ता नाही. "काहीही कर, तू पडणारच" हा खेळ तिथूनच सुरू झाला, कारण डीएमच्या हातात एका वाक्यात कॅरेक्टर संपवायची सोय होती.

३.५ मध्ये (२००३) परतीचा रस्ता आला. स्वेच्छेने एकदा जरी दुष्ट कृत्य केलं तरी क्लासच्या शक्ती जातात, पण अटोनमेंट (प्रायश्चित्त) नावाच्या स्पेलने, म्हणजे मंत्राने, परत मिळतात. हा पाचव्या पातळीचा क्लेरिक स्पेल, म्हणजे नवव्या लेव्हलचा क्लेरिक शोधावा लागतो. एक तासाचा विधी. कृत्य मुद्दाम केलेलं असेल तर स्पेल टाकणाऱ्याचे ५०० एक्सपी (अनुभवाचे गुण) खर्च होतात, नकळत किंवा कुणाच्या वशीकरणाखाली घडलं असेल तर एकही नाही. हा भेद मला फार आवडतो आणि तो कुठल्याही आवृत्तीत वापरावा.

त्याच आवृत्तीत डिटेक्ट ईव्हिलने घोटाळा केला. साठ फुटांचा कोन, तीन राउंड (एक राउंड सहा सेकंदांचा) लक्ष दिलं की दुष्टपणाचं तेज नेमकं कुठे आहे ते कळतं. पण दहा किंवा कमी हिट डाइसच्या (ताकदीच्या मापाच्या) कुठल्याही दुष्ट माणसाचं तेज "मंद"च दिसतं. गरिबाच्या व्याजावर जगणारा सावकार आणि तिघांचे गळे कापलेला दरोडेखोर सारखेच. ज्यांनी त्या मंद तेजाला फाशीचा हुकूम मानलं, त्यांचा खेळ तिथेच बिघडला.

पाचव्या आवृत्तीत हे सगळं सुटलं. पॅलाडिनची डिव्हाइन सेन्स ही शक्ती फक्त सेलेस्टियल (देवदूत), फीन्ड (सैतान) आणि अनडेड (मेलेले पण चालते-फिरते) ओळखते. गॉब्लिन ह्युमनॉइड (माणसासारखे) आहेत, त्यांच्याबद्दल ती एक अक्षर सांगणार नाही. अलाइनमेंटची अटही नाही, अट आहे ती शपथेची. त्यामुळे तुमच्या खेळाडूला पहिल्याच मिनिटाला सांगा: इथे तुझा न्याय शपथेच्या पाच कलमांवर होईल, "चांगला-वाईट" या मोघम शब्दांवर नाही.

---

नकाशेवाला

तुमचा प्रसंग चांगला आहे, पण आहे तसा खेळलात तर तो सापळा होईल. दोष अंतरात आहे.

तीन दिवस मागे जायचं, तेवढेच परत यायचे, मग पुढचे दोन. आठ दिवस. पळवलेले लोक तोवर जिवंत राहणार नाहीत हे टेबलावर सगळ्यांना कळतं. म्हणजे "कैद्यांना गावात पोचवा" हा पर्याय कागदावरच उरला. मागे राहिलं मारणं आणि सोडणं. सोडले आणि ते रात्री परत चालून आले, तर पॅलाडिन इतकंच शिकेल की दया केली की अंगाशी येते. पुढच्या वेळी तो विचारणारच नाही.

मी असं बदलेन. वाटेला फुटून अर्ध्या दिवसावर नदीचा तर (होडीने पार व्हायची जागा) आहे, तिथे नावाडी आणि चार पहारेकरी. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा. एका दिवसाची किंमत आधीच ठरवून लिहून ठेवा: बारा गावकऱ्यांपैकी दोघांना तोवर होडीतून पुढे विकलेलं असेल. मरणार नाहीत, पण त्यांना सोडवणं हे वेगळं काम होऊन बसेल. आता खरा पेच तयार झाला, कारण करुणा एकीकडे ओढते आणि कर्तव्य दुसरीकडे, आणि दोन्हीकडे जाता येतं.

बांधताना माझा क्रम असा असतो. शपथेची कलमं समोर ठेवून कुठली दोन एकमेकांवर आदळतात ते आधी ठरवायचं. दोनच. तीन आदळली की खेळाडू गोंधळतो आणि टेबल तासभर वाद घालतं. मग शपथ न मोडता बाहेर पडायचे किमान दोन रस्ते लिहायचे आणि प्रत्येकावर किंमत टाकायची: वेळ, साधनं, कुणाची तरी नाराजी, एखाद्या मित्राचा विश्वास. तिसरा रस्ता खेळाडूसाठी मोकळा सोडायचा, तो स्वतः काढेल. शेवटी एक मर्यादा: निर्णय संध्याकाळपर्यंत घ्यायचाय, कारण पाऊस येतोय किंवा माग पुसला जातोय. मर्यादा नसेल तर चर्चा संपत नाही.

या सहा जणांचे तुमच्यासाठीचे बाहेर पडायचे रस्ते:

तराकडे नेणं. खाणं रोज माणशी एक पौंड, पाणी एक गॅलन, उन्हाळा असेल तर दोन. सहा जणांचं एका दिवसाचं पाणी सहा गॅलन, आणि एका कातडी पखालीत अर्धाच गॅलन मावतं. म्हणून नदीकाठच्या वाटेनेच जावं लागेल, आणि तिथे गस्त असते. बेड्यांची जोडी दोन गोल्ड पीस, निसटायला डेक्सचा (चपळाईचा) डीसी, म्हणजे फाशाने गाठायचा आकडा, २०. गॉब्लिनचा डेक्स अधिक दोन, म्हणजे दर प्रयत्नाला पंधरा टक्के. साधा दोर तोडायला स्ट्रेंग्थ डीसी १७. रात्र पडली तर गॉब्लिनला साठ फूट डार्कव्हिजन (अंधारातली नजर) आणि स्टेल्थ (लपणं) अधिक सहा, मशालीशिवाय पहाऱ्याला बसलेला माणूस आंधळाच.

शस्त्रं काढून, शब्द घेऊन सोडणं. सहांचं काय होणार ते आत्ताच ठरवा, फासे टाकून नाही. दोघे टोळीकडे परत जाऊन इशारा देतील, तिघे डोंगरात पळून जातील, एक जण चौथ्या-पाचव्या सेशनला एखादी उपयोगी बातमी घेऊन भेटेल. कॅम्पेनभरात पॅलाडिनने दाखवलेल्या दर तीन दयांपैकी दोन तरी फळाला आल्या पाहिजेत किंवा निदान उलटल्या नाही पाहिजेत. हे मी नियमासारखं पाळतो, कारण डीएमने जगाचा न्याय असा ठेवला नाही तर शपथ पाळणं हा निव्वळ मूर्खपणा ठरतो.

गॉब्लिनांची पिल्लं गुहेत सापडतात, तो जुना प्रसंग मात्र यात घालू नका. त्याला बाहेर पडायचा रस्ताच नसतो आणि टेबलावर कुणालाही तो खेळून बरं वाटत नाही.

---

ढालकरी

पॅलाडिन खेळणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

डिव्होशनची पाच कलमं: प्रामाणिकपणा, धैर्य, करुणा, मान, कर्तव्य. यातलं प्रामाणिकपणाचं कलम खोटं बोलू नका आणि दिला शब्द पाळा म्हणतं. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या, असं ते म्हणत नाही. "मी हे सांगणार नाही" हे वाक्य पॅलाडिनच्या खेळाडूने कायम ओठांवर ठेवावं. सरदार विचारतो, पळालेले कुठे आहेत? "ठाऊक आहे, पण सांगणार नाही." शपथ शाबूत, आणि प्रसंगाला धार येते, कारण आता सरदाराला काहीतरी करावंच लागतं.

छळाचा मुद्दा. वॉरलॉकला नुसतं "नाही" म्हटलं तर भांडण होणार, त्यापेक्षा चांगलं साधन पुढे करायचं. पाचव्या लेव्हलला डिव्होशनवाल्याला झोन ऑफ ट्रूथ (खोटं बोलू न देणारा स्पेल) शपथेतूनच मिळतो, तयार करावा लागत नाही. दुसऱ्या पातळीचा एक स्लॉट (स्पेल टाकायची संधी) लागतो, जवळ असतात दोन. पंधरा फूट त्रिज्या, दहा मिनिटं. करिष्मा अधिक तीन धरला तर सेव्हचा (स्पेलमधून वाचायला टाकायच्या फाशाचा) डीसी १४. गॉब्लिनचा करिष्मा उणे एक, म्हणजे पहिल्याच सेव्हला तो सत्तर टक्के वेळा अडकतो. जो वाचला त्यालाही वर्तुळात प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला पुन्हा सेव्ह करावा लागतो. दहा मिनिटं म्हणजे शंभर राउंड, कुणीही सुटत नाही. आणि कोण अडकलंय ते पॅलाडिनला कळतं.

चूक कुठे होते? डीएम समजतो की स्पेल बोलायला भाग पाडतो. नाही. खोटं बोलता येत नाही एवढंच. कैद्याला स्पेलची जाणीव असते, तो गप्प बसू शकतो किंवा उत्तराला बगल देऊ शकतो. म्हणून प्रश्न लहान, हो-नाहीचे विचारायचे, आणि सहा जणांना वेगवेगळं उभं करून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. गॉब्लिनांना कॉमन येते, दुभाष्या लागत नाही. हाल करून काढलेल्या माहितीपेक्षा ही माहिती खात्रीची असते, आणि हे वॉरलॉकला सहज पटतं.

रोगचं काय? ३.५ च्या पॅलाडिनला दुष्ट सोबती चालत नसत. पाचव्यात तसं बंधन नाही. तरीही खेळाडूने पार्टीचा फौजदार होऊ नये. शपथ माझी आहे, तुमची नाही. पण माझ्या शब्दावर शस्त्र टाकलेल्याला कुणी मारलं तर माझा शब्द मोडला जातो. म्हणून शरणागती स्वीकारताना तोंडाने, सगळ्यांसमोर म्हणायचं: "यांना मी अभय दिलंय." मग रोगला कळतं की आता मारलं तर तो गॉब्लिनवर नाही, सोबत्यावर वार करतोय. हे वाक्य आधी म्हटलं नाही तर पुढचा तास "पण तू काही बोललाच नव्हतास" यात जातो.

आणखी एक, लढाई चालू असतानाचं: या आवृत्तीत मेली (हातघाईच्या) वाराने शत्रू शून्य हिट पॉइंटवर आला की त्याला बेशुद्ध पाडायचं हे त्या क्षणी ठरवता येतं, वेगळा उणे अंक लागत नाही. बाणाने किंवा दुरून टाकलेल्या स्पेलने मात्र नाही. "मारावंच लागलं" ही सबब तलवार हातात असताना फारशी टिकत नाही.

---

शांतिपर्व

वरच्या सगळ्याला धरून एक भर. कलमांना क्रम लावा.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने (२०१९) हे स्वच्छ केलं. चॅम्पियन क्लासची (पॅलाडिन तिथे यातच येतो) तत्त्वं महत्त्वाच्या क्रमाने लिहिलेली आहेत आणि दोन आदळली तर वरचं पाळायचं, खालचं मोडल्याचा दोष लागत नाही. निरपराधाला इजा होऊ न देणं वर, खोटं न बोलणं खाली. निर्वासितांना मारायला निघालेल्या दुष्ट राजापुढे पॅलाडिन खोटं बोलू शकतो, हे उदाहरण ग्रंथातच आहे. शिवाय निरपराधांचं रक्षण म्हणजे कधीतरी, कुठेतरी होऊ शकेल अशा इजेमागे धावणं नव्हे, हेही सांगितलंय. तुमच्या रोगचा "सोडले तर उद्या दुसऱ्या गावावर पडतील" हा युक्तिवाद तिथेच थांबतो. डिव्होशनच्या पाच कलमांना असा क्रम नाही, म्हणून तो खेळाडूकडून लिहून घ्या. त्याने करुणा वर ठेवली की मान, यावर त्याचं कॅरेक्टर कसं आहे तेही कळेल.

आपल्याकडे हे नवीन नाही. कर्णपर्वात युधिष्ठिर रागाच्या भरात अर्जुनाला गांडीव दुसऱ्याला दे म्हणतो, आणि असं म्हणेल त्याला मारीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. तो तलवार उपसतो. कृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो: खरं बोलण्याचं व्रत पाळण्यासाठी त्याने लपलेल्या लोकांची जागा दरोडेखोरांना दाखवली आणि नरकात गेला. मग उपाय: वडीलधाऱ्याचा अपमान हा त्याचा वधच, तेव्हा शब्दाने मार. प्रतिज्ञाही राहिली, भाऊही राहिला, पण अर्जुनाला त्या अपमानाची लाज पचवावी लागली. डीएमसाठी यात सगळं आहे: दोन कर्तव्यांची टक्कर, तिसरा रस्ता, आणि त्या रस्त्याची किंमत.

शिक्षेबद्दल. २०१४ च्या ग्रंथातली वाट सौम्य आहे: आपल्याच श्रद्धेच्या क्लेरिककडे किंवा त्याच पंथाच्या दुसऱ्या पॅलाडिनकडे कबुली, रात्रभर जागून प्रार्थना किंवा उपास, मग क्षमा आणि नवी सुरुवात. मुद्दाम मोडली आणि पश्चात्तापाचा लवलेशही नाही, तरच क्लास सोडायला लावणं किंवा ओथब्रेकर (शपथ मोडलेला, दुष्ट पॅलाडिन) करणं. माझ्या मते मध्ये पायऱ्या हव्यात. पहिल्यांदा नुसती खूण: पवित्र चिन्ह थंड पडतं, प्रार्थनेला उत्तर येत नाही. आकड्यात काही बदल नाही. दुसऱ्यांदा शपथेतून आलेले स्पेल बंद, रात्रीचं जागरण होईपर्यंत. तिसऱ्यांदा चॅनेल डिव्हिनिटीही (देवाची शक्ती थेट वापरणं) बंद, आणि प्रायश्चित्त म्हणून झालेलं नुकसान भरून काढायचं एक काम. एक्स्ट्रा अटॅक, फायटिंग स्टाइल आणि हिट पॉइंटना हात लावायचा नाही. ते हाताचं कसब आहे, देवाची देणगी नव्हे. शिवाय तेही काढलं तर खेळाडूला लढाईत करण्यासारखं काही उरत नाही.

आणि सांगायचं ते कृत्याच्या आधी. जुन्या आवृत्त्यांत फिलॅक्टरी ऑफ फेथफुलनेस नावाची वस्तू होती, ३.५ मध्ये किंमत हजार गोल्ड पीस, आणि ती घातली की कुठलं कृत्य देवाला खटकेल ते आधी कळायचं. माझं म्हणणं, ती प्रत्येक पॅलाडिनला फुकट असल्यासारखं वागा. "तुझ्या कॅरेक्टरला पक्कं ठाऊक आहे की हे करुणेच्या कलमाविरुद्ध जाईल. करतोयस?" वर्षानुवर्षं शपथ जगलेल्या माणसाला जे कळतं, ते रविवारी संध्याकाळी फासे टाकणाऱ्याला आपोआप कळावं ही अपेक्षाच चुकीची.

---

ढालकरी

पायऱ्यांशी सहमत नाही. पहिली ठीक. दुसरीपासून तुम्ही पुन्हा त्या खेळाडूला "माझं काय जाईल?" हेच मोजायला लावताय. चौथ्या आवृत्तीने (२००८) शक्ती काढून घेणं बंद केलं होतं, चुकलेल्याशी काय करायचं ते त्याच्याच धर्मातले लोक पाहतील अशी मांडणी होती. मला तेच पटतं. ज्या गॉब्लिनला अभय देऊन मारलं, त्याची बातमी पसरू दे. पुढची टोळी शरण येणार नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढेल. मठ त्याला बोलावून जाब विचारेल, झेंडा काढून घेईल. त्याच्या शब्दाला किंमत उरली नाही हे जगाकडून कळू दे, कॅरेक्टर शीटवरून नको.

---

शांतिपर्व

टोळी शरण येत नाही, हा परिणाम उत्तम आहे, तो मी उचलतो. पण शपथेतूनच शक्ती येते असं या आवृत्तीचं म्हणणं असेल, तर शपथ मोडूनही सगळं तसंच चालू राहिलं की शपथेला वजन राहत नाही. वीसबाजू, दोन्ही पद्धती खेळाडूपुढे ठेवा आणि त्यालाच निवडू द्या. ज्याने संकटं मागितली त्याला किंमत कशात मोजायची हेही ठरवता आलं पाहिजे.

---

वीसबाजू

सगळ्यांचे आभार. तराची जागा आणि एका दिवसाची किंमत तशीच घेतोय, कलमांचा क्रम आज रात्रीच लिहून मागतो. अभयाचं वाक्यही त्याला सुचवून ठेवेन. आणखी दोन शंका. तो लेव्हल वाढली की ओथब्रेकर "बघायचाय" म्हणतो. आणि क्लेरिक खेळणारी पुढच्या कॅम्पेनला व्हेंजन्सच्या (सूडाच्या) शपथेचा पॅलाडिन घेणार आहे. त्या शपथेत तर "हवे ते मार्ग वापरा" असंच लिहिलंय, मग तिथे पेच उरतो कुठे?

---

नकाशेवाला

ओथब्रेकर शिक्षा म्हणून देऊ नका. डीएमच्या ग्रंथात तो खलनायकांच्या पर्यायांत आहे आणि दुष्ट कॅरेक्टरसाठी लिहिलाय. सातव्या लेव्हलचा ऑरा ऑफ हेट दहा फुटांतल्या सगळ्या फीन्ड आणि अनडेडचं मेलीचं नुकसान वाढवतो, शत्रू असले तरी. तुमची पार्टी अनडेडशी लढत असेल तर हा सोबती क्लेरिकला मारक ठरेल. त्याला चव घ्यायचीच असेल तर एकाच सेशनचं स्वप्न किंवा दृष्टान्त म्हणून खेळवा.

व्हेंजन्समध्ये पेच भरपूर आहे, तुम्ही फक्त एकच कलम वाचताय. पहिलं कलम म्हणतं, मोठं पाप आणि लहान पाप समोर असेल तर मोठ्याच्या मागे जा. शेवटचं म्हणतं, शत्रूने केलेला विध्वंस हा तुझ्या अपयशाचा परिणाम आहे, तेव्हा त्याच्या बळींना उभं कर. ही दोन समोरासमोर ठेवा. शत्रू घोड्यावरून पळतोय, त्याने पेटवलेलं गाव मागे जळतंय. विझवायला आठ-दहा राउंड लागतील, तेवढ्यात तो जंगलात शिरेल. व्हाउ ऑफ एन्मिटीला (एका शत्रूवर रोख धरायच्या शक्तीला) तो दहा फुटांच्या आत हवा, आणि ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरणं) मिळतो फक्त एक मिनिट, हे तिला आधीच आठवण करून द्या. घरात किती माणसं अडकलीत तो आकडाही तिला लगेच कळू द्या, निवड झाल्यानंतर नको. पार्टी फुटून दोघं मागे आणि दोघं पुढे गेली तरी चालेल असा शत्रू बांधा: पाठलाग करणाऱ्या दोघांना तो एकट्याने भारी पडावा, पण मारून टाकण्याइतका नाही.